गावकूस आणि महानगर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी वक्त्याने गतकाळाचा गौरव करावा, वडीलधाऱ्यांचे स्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावेत आणि श्रोत्यांस फार न शिणविता भोजनाकडे मोकळे करावे, असा शिरस्ता आहे. या धर्मग्रामासाठी ज्यांनी पन्नास वर्षे घाम गाळला त्यांचे स्मरण आज सकाळच्या मिस्सेत झालेच आहे, आणि ते परमेश्वराच्या दरबारी अधिक चांगल्या रीतीने रुजू झाले असेल अशी आमची श्रद्धा आहे. सबब त्याची पुनरुक्ती न करिता आम्ही तुमच्यापुढे असा एक विषय मांडणार आहो की, जो प्रथमदर्शनी देवळाच्या अंगणातला वाटणार नाही. आपले हे वसईचे गाव महानगराच्या पोटात गेले आहे. तेथे त्याने कसे नांदावे, त्याची वाढ कोणी व कशी आखावी, आणि त्या आखणीत आपणा ख्रिस्ती जनांचे कर्तव्य काय, हा तो विषय होय.

ज्युबिली हा शब्दच आम्हांस या विषयाकडे घेऊन जातो. मूळ हिब्रू भाषेत हे मेंढ्याच्या शिंगाचे नाव. पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकावयाचे, आणि त्या नादासरशी गुलामाने मुक्त व्हावयाचे व विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावयाची, असा इस्राएल लोकांचा नियम लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितला आहे. हा भाग आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकला आहे. परंतु त्याच अध्यायात पुढे एक बारीक भेद केलेला आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तटबंदी असलेल्या नगरातले घर विकले तर मालकास ते सोडवून घेण्यास एक वर्षाची मुदत. त्यानंतर ते विकत घेणाऱ्याचे कायमचे झाले. मात्र ज्या खेड्यांस तट नाही तेथील घरे शेताप्रमाणेच गणावयाची, म्हणजे ज्युबिलीच्या वर्षी ती परत मिळावयाची. आणि लेवी लोकांच्या नगरांभोवती जी कुरणे असत ती तर मुळीच विकावयाची नाहीत. गणना पुस्तकात या मोकळ्या पट्ट्याचे मापही दिले आहे : नगराच्या प्रत्येक बाजूस दोन हजार हात.

श्रोतेहो, याचा अर्थ लक्षात घ्या. नगर वेगळे, खेडे वेगळे आणि नगराभोवतालचे कुरण वेगळे. तिन्हींचे उपयोग निराळे म्हणून तिन्हींचे नियमही निराळे. जमीन ही केवळ बाजारातली वस्तू नव्हे, तिच्या प्रत्येक तुकड्याला काही धर्म आहे, ही जाणीव या नियमांच्या मुळाशी आहे. सांप्रत ज्यास नगररचना म्हणतात तिचे हे बीज आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. आपल्या धर्मग्रामाची स्थापना १९७५ साली झाली. त्याच वर्षी, २६ जानेवारी रोजी, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचाही जन्म झाला. म्हणजे आपण आणि ते प्राधिकरण समवयस्क आहो. त्याच्या अखत्यारीतला प्रदेश पूर्वी ४,३५५ चौरस किलोमीटरांचा होता, तो पुढे वाढून ६,३२८ चौरस किलोमीटरांचा झाला. या प्रदेशात नऊ महानगरपालिका नांदतात आणि त्यांपैकी एक आपली वसई-विरार होय. २००९ साली चार नगरपरिषदा व आसपासची अनेक गावे एकत्र करून ती स्थापन झाली. त्यांतील काही गावे वगळावीत की ठेवावीत या वादाने पुढे कित्येक वर्षे न्यायालये व मंत्रालय गाजत राहिले, हे तुम्हांस ठाऊकच आहे. २०११ च्या शिरगणतीत या शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली.

पन्नास वर्षांपूर्वी हे गाव कसे होते ते येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. पुढे घर, पाठीशी वाडी. वाडीत केळी, पानवेल, भाजी व फुले. वाडीच्या कडेला विहीर आणि सखल जागी बावखल. आळीच्या तोंडाशी सुताराचे दुकान, पलीकडे शिंप्याचे, नाक्यावर वाण्याचे. पोरांची शाळा देवळाशेजारी आणि देवळाची घंटा प्रत्येक घरी ऐकू येण्याच्या अंतरावर. किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती, तिच्या अंगणातच मासळी सुकविण्याची जागा. पापडीचा आठवडी बाजार पायी जाण्याच्या टप्प्यात. दूध, भाजी आणि फुले मुंबईस जात. ती घेऊन जाणारे स्त्रीपुरुष पहाटेच्या गाडीने जात आणि माल विकून घरी परतत. मुंबईशी आपला संबंध नवा नाही. १८६७ सालीच विरारहून मुंबईस दररोज गाडी जाऊ लागली होती. परंतु तो संबंध देवघेवीचा होता. आपण मुंबईस पिकविलेले देत होतो, आपली झोप तेवढी येथे आणि आयुष्य तेथे, असे नव्हते.

अलीकडे नगररचनाकार ज्यास मिश्र उपयोगाची वसाहत म्हणतात, ती याहून निराळी काय असते? घर, उद्योग, बाजार, शाळा, उपासना व मोकळी जागा ही एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर असावीत, एवढाच तिचा इत्यर्थ. मधल्या काळात पाश्चात्त्य नगररचनेने या गोष्टी वेगळ्या काढल्या. राहण्याचा विभाग एकीकडे, व्यापाराचा दुसरीकडे, कारखान्यांचा तिसरीकडे. त्यास कारणही तसेच होते. कारखान्यांचा धूर व घाण घरांपासून दूर ठेवावयाची होती. परंतु औषधाची मात्रा अधिक झाली म्हणजे तेच विष होते. १९६१ साली जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने मोठ्या शहरांच्या मरणाजीवनावर एक ग्रंथ लिहिला. ज्या रस्त्यावर दिवसाच्या निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामांसाठी माणसे वावरतात तो रस्ता सुरक्षित व जिवंत राहतो, असे त्यात तिने दाखविले. आपल्या आजीबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडीत आणि त्याच वेळी साऱ्या आळीवर नजर ठेवीत. जेकब्सबाईंचा सिद्धांत त्यांनी वाचला नव्हता, तो त्या रोज आचरणात आणीत होत्या.

खुद्द मुंबईतही असे एक गाव होते. लालबाग-परळच्या गिरणगावात चाळीतून निघालेला कामगार पायी चालत गिरणीत पोहोचे. चाळीखाली दुकान, शेजारी खानावळ, मागे व्यायामशाळा. खोल्या लहान होत्या, हालही पुष्कळ होते, आणि त्या दैन्याचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. तथापि माणसाचा दिवस प्रवासात वाया जात नव्हता. १९८२ चा संप झाला, एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे व घरांचे मनोरे उभे राहिले, आणि तेथील कित्येक कुटुंबे स्वस्त घराच्या शोधात नालासोपारा, विरार व कल्याणकडे आली. आपल्या शेजारच्या इमारतीत राहणारा जो मनुष्य पहाटे धावत स्थानक गाठतो, तो कदाचित अशाच घरातला असेल. त्यास परका म्हणण्यापूर्वी त्याचा हा इतिहास आपण जाणला पाहिजे.

मुंबईचा भार हलका करावा हा विचार थोरामोठ्यांनी वेळीच केला होता. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. तेथे घरे व नोकऱ्या एकत्र वाढाव्यात, म्हणजे माणसांचा लोंढा दक्षिणेकडे रोज वाहणार नाही, हा तिचा गाभा होता. त्यासाठी १९७० साली सिडको ही संस्था निघाली. परंतु इकडे नवे शहर आखले जात असताना तिकडे नरीमन पॉइंट येथे समुद्रात भराव घालून कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि राज्याचे मुख्य कार्यालयही होते तेथेच राहिले. परिणामी नव्या मुंबईच्या वसाहतींस घरे आधी मिळाली, नोकऱ्या मात्र फार उशिरा. घर आणि काम यांची फारकत कागदावर मोडता येते, तेवढ्याने ती प्रत्यक्षात मोडत नाही, हा त्यातला धडा होय.

वसईच्या वाट्यास तर ती आखणीही वेळेवर आली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील शेतजमिनी इमारतींसाठी खुल्या होऊ लागल्या. १९९० मध्ये सिडकोस येथील नियोजनाचे काम सोपविण्यात आले. २००१ ते २०२१ या वीस वर्षांचा विकास आराखडा मात्र २००७ मध्ये मंजूर झाला. मधल्या काळात इमारती आराखड्यासाठी थांबून राहिल्या नव्हत्या. रस्ता, पाणी, गटार व शाळा आधी आणि घर मागाहून, हा क्रम उलटा झाला. नव्या इमारतींस पाणी नव्हते, तेव्हा गावोगावच्या विहिरींतून ते उपसून टँकरने नेण्यात येऊ लागले. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यास रेटून धरते. गोडे उपसले की खारे आत शिरते. ज्या विहिरीवर वाडी जगत होती तीच मचूळ होऊ लागली. त्या काळी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. सर्व धर्मांच्या लोकांनी मोर्चे काढले आणि किनाऱ्याचा हिरवा पट्टा पुष्कळ अंशी शिल्लक राहिला, तो त्यांच्या पुण्याईने. सूर्या धरणाचे वाढीव पाणी मोठ्या नव्या योजनेतून वसईस पोहोचण्यास २०२३ साल उजाडले. म्हणजे माणूस आला आणि त्याच्यामागून पाणी येण्यास एक पिढी लागली.

या उलट्या क्रमाचे फळ आम्ही धर्मगुरू या नात्याने नित्य पाहत असतो. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटरांचे. जाण्यास सव्वा तास, येण्यास तितकाच, आणि स्थानकापर्यंतचा व स्थानकापासूनचा वेळ निराळा. एका तरुण पित्याने आम्हांस सांगितले होते की, आपले मूल आपण आठवड्यातले सहा दिवस निजलेलेच पाहतो. म्हणून रविवारी ते जागे असताना आपणास संकोच वाटतो. हे वाक्य आम्हांस अद्यापि विसरता आलेले नाही. सायंकाळची कौटुंबिक रोझरी का बंद पडली, म्हणून आम्ही कैक वर्षे व्यासपीठावरून लोकांस बोल लावीत होतो. परंतु ज्या घरी माणसे रात्री साडेनवास परततात तेथे रोझरी किती वाजता म्हणावयाची, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. कुटुंबाची प्रार्थना, शेजाऱ्याची विचारपूस, आजाऱ्याची भेट ही सारी वेळावर उभी असतात. त्या वेळेवर घाला पडला तो केवळ भक्ती कमी झाल्यामुळे नव्हे. घर व काम यांच्यामध्ये पन्नास किलोमीटर पडले म्हणूनही पडला. यास्तव नगररचना हा धर्मगुरूच्या अधिकाराबाहेरचा विषय आहे, असे आम्ही आता मानीत नाही. परमगुरू फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या आपल्या परिपत्रकात पर्यावरणाचा विचार करताना घर, शेजार, मोकळ्या जागा व दररोजचा प्रवास यांचा मुद्दाम परामर्श घेतला आहे.

आता आम्ही आमचा एक दोष तुमच्यापुढे कबूल करणार आहो. पूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही सेवेत होतो. तेथे देवळामागे एक जुने बावखल होते. पावसाळ्यात आळीचे पाणी त्यात उतरे व उन्हाळ्यात भोवतालच्या विहिरी त्यावर जगत. सणासुदीस मोटारी उभ्या करण्यास जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्या बावखलाचा कोपरा भरून घ्यावा असे ठरले. एका वृद्ध शेतकऱ्याने येऊन आम्हांस विनविले, "फादर, पाणी आपली वाट विसरत नाही." आम्ही हसून त्यांची पाठ थोपटली आणि भराव घालण्यास संमती दिली. पुढे जुलै २०१८ आला. त्या पावसात वसई ते विरार रेल्वे बंद पडली, मिठागरांतली माणसे पाण्याने वेढली गेली, वीज गेली, हे तुम्ही सर्वांनी भोगलेले आहे. त्या रात्री देवळामागच्या आळीत कंबरभर पाणी होते. त्याच वृद्धाची शय्याधीन पत्नी शेजाऱ्यांनी दरवाजाच्या फळीवर घालून बाहेर काढली, आणि तिला देवळात आणून निजविण्यात आले. म्हातारा आम्हांस एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

साऱ्या तालुक्यातील पूर त्या एका कोपऱ्यामुळे आला असे कोणी म्हणणार नाही. नाले आकुंचित झाले होते, पाणी सामावून घेणाऱ्या जमिनींवर भराव पडले होते, खाडीकडे जाणारे मार्ग तुंबले होते. परंतु भराव हा नेहमी असाच पडतो. प्रत्येकजण आपला कोपरा भरतो, आणि पूर दुसऱ्याच्या कोपऱ्यामुळे आला असे म्हणतो.

आखणी मोडल्याचे प्रायश्चित्त बहुधा गरिबास घ्यावे लागते, हेही आपण पाहिले. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी शुद्धीकरण व कचराभूमी यांसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडण्याचे काम २०२५ च्या प्रारंभी पुरे झाले. ज्यांनी त्या बांधून विकल्या ते पैसे घेऊन केव्हाच मोकळे झाले होते. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे खोली घेतली ती हजारो माणसे मुलांची दप्तरे व भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आली. शहरास सांडपाण्याची सोय हवी हे खरे, आणि माणसास छप्पर हवे हेही खरे. आराखडा वेळेवर अमलात आला असता तर ही दोन सत्ये एकमेकांच्या उरावर बसली नसती.

तर मग योग्य वाढ कोणती? वाढच नको, येणाऱ्यास येऊ देऊ नका, असे काहीजण म्हणतात. ते आम्हांस मान्य नाही. परक्यास आश्रय देणे ही प्रभूची आज्ञा आहे, आणि आपलीही मुलेबाळे उदरनिर्वाहासाठी मुंबईस, आखातात व त्याहून दूर गेलेली आहेत. आमच्या अल्पमतीने तीन गोष्टी सांगता येतील.

पहिली ही की, जेथे दाटी व्हावयाची तेथे ती होऊ द्यावी, परंतु ती पुरी असावी. स्थानकांच्या परिसरात उंच इमारती होणारच. मग तेथेच कचेऱ्या, शाळा, दवाखाना, मंडई व लहान उद्योगांचे गाळे असावेत. तळमजल्यास चार दुकाने काढली म्हणजे मिश्र उपयोग साधला असे नव्हे. त्या इमारतीतील दहांपैकी तिघांस जरी पायी जाण्याच्या अंतरावर पोटापाण्याचे काम मिळाले, तरी कितीतरी मुलांस त्यांचे आईबाप जागेपणी भेटतील. वसई पूर्वेस वालीव, सातिवली व गोखिवरे येथे लहान कारखाने आहेतच. त्यांतील निरुपद्रवी उद्योगांजवळ कामगारांसाठी परवडणारी घरे व्हावीत आणि घातक रसायनांचे उद्योग वस्तीपासून दूर राहावेत. सर्वच गोष्टींची सरमिसळ करणे म्हणजे शहाणपण नव्हे. माणसाच्या दैनंदिन गरजांची मिसळ हवी.

दुसरी गोष्ट, जेथे पाणी मुरते तेथे घर नको. किनाऱ्याचा हिरवा पट्टा, मिठागरे, पाणथळ जागा व बावखले ही रिकामी जागा नव्हे. ती कामावर असलेली जागा आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश पंडित १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले व १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन करू लागले. त्या काळी हिवतापाच्या भयाने गावोगावची तळी बुजविण्याचा सपाटा चालला होता. तळी बुजवू नका, ती स्वच्छ करा, त्यांत मासे सोडा, असा सल्ला त्यांनी दिला होता. आज शंभर वर्षे उलटून गेली, तरी हे सांगण्याची गरज सरलेली नाही.

तिसरी गोष्ट, सोयी आधी आणि घरे मागाहून. पाणी, गटार व रस्ता यांची खात्री झाल्याखेरीज एका विटेसही परवानगी असू नये. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक विरारला नियोजित आहे, आणि विरारहून अलिबागकडे जाणाऱ्या महामार्गाचीही योजना आहे. हे मार्ग आले की जमिनीस सोन्याचा भाव येईल, आणि मागच्या खेपेची चूक दुप्पट वेगाने करण्याचा मोह होईल.

तुम्ही म्हणाल, हे सारे सरकारने करावयाचे; आमच्या हाती काय आहे? बंधूंनो, थोडे नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचे निदान वीस वर्षांतून एकदा पुनरीक्षण व्हावयास हवे, आणि त्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कोणाही नागरिकास ठराविक मुदतीत हरकती व सूचना लेखी देता येतात. तो नकाशा पाहण्यास आपल्यापैकी कितीजण आजवर गेले? आपल्या वाडीवरून रस्त्याची रेघ गेली म्हणजे आपण धावतो. शेजाऱ्याच्या बावखलावर इमारतीचा रंग चढला तर तो शेजाऱ्याचा प्रश्न समजतो. नहेम्याच्या काळी यरुशलेमचा तट पुन्हा बांधला गेला तेव्हा पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला, असे पवित्र शास्त्रात नमूद आहे. आपल्या दारापुढच्या तुकड्याचा नकाशा वाचणे एवढे काम प्रत्येक आळीतील दोन शिकलेल्या तरुणांस खचित करता येईल. त्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयातील एक मेज व एक कपाट आम्ही आजच मोकळे करून देत आहो.

आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या वाड्या कोणी लुबाडून नेल्या असे आपण म्हणतो. काही ठिकाणी तसेही घडले असेल. परंतु पुष्कळ वाड्या आपणच विकल्या. कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी आजारपणासाठी, आणि कोणी केवळ शेजाऱ्याने मोटार घेतली म्हणून. पहिल्या दोघांस दोष देण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही. त्यांना वेळीच कर्ज देणारी पतपेढी व धीर देणारा शेजारी मिळाला नाही, हा आपणा सर्वांचाच दोष. नाबोथाने राजालाही आपला द्राक्षमळा दिला नाही, कारण तो वाडवडिलांचा वारसा होता. आपल्याकडे राजा येण्याचीही वाट कोणी पाहत नाही. विकण्यापूर्वी निदान एक वेळ भावंडांस विचारा, आळीस विचारा, आणि विहीर व बावखल यांचा तुकडा तरी राखून ठेवा.

आता शेवटचा व सर्वांत जवळचा मुद्दा. महोत्सवाचे स्मारक म्हणून आपल्या देवळामागचे बावखल बुजवून तेथे मोटारतळ व त्यावर दुमजली सभागृह बांधावे, असा प्रस्ताव धर्मग्राम मंडळापुढे आलेला आहे. प्रस्ताव आणणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, आणि लग्नसमारंभास जागा अपुरी पडते ही त्यांची तक्रारही खरी आहे. आम्ही आपल्या अधिकारात तो प्रस्ताव नाकारू शकलो असतो. परंतु आज्ञेने राखलेले बावखल पुढचा धर्मगुरू आज्ञेनेच बुजवील. ते तुमच्या निश्चयाने राखले जावे अशी आमची इच्छा आहे. म्हणून आम्ही विनंती करतो ती येणेप्रमाणे : बावखलाचा गाळ उपसावा व काठ बांधावे. जुन्या शाळेच्या इमारतीवर एक मजला चढवून तेथे सभागृह करावे. दिवसा त्याच सभागृहात नोकरीस जाणाऱ्या मातांच्या मुलांसाठी पाळणाघर चालावे आणि रात्री ज्यांच्या घरी जागा नाही त्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका, मग ते विद्यार्थी कोणत्याही धर्माचे असोत. दर शनिवारी अंगणात आपल्या वाडीवाल्यांनी भाजी व फुले विकावीत. इमारतींतील नव्या शेजाऱ्यांस ताजी भाजी मिळेल व दोघांची ओळख होईल. मोटारींस मात्र शंभर पावले लांब थांबावे लागेल. तेवढे चालण्याने आपल्या भक्तीस काही उणे येणार नाही.

पुढील रविवारी या प्रस्तावावर मंडळाची बैठक आहे. तीत सर्व कुटुंबप्रमुखांनी यावे, आणि स्त्रियांनी तर अवश्य यावे. कारण विहिरीचे पाणी मचूळ झाले की ते प्रथम त्यांनाच कळते.

जखऱ्या संदेष्ट्याने उद्धार पावलेल्या नगराचे चित्र रेखाटले आहे. त्यात त्याने मनोरे वर्णिले नाहीत. काठी टेकीत म्हातारेकोतारे चव्हाट्यावर बसलेले आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले आहेत, एवढेच त्याने पाहिले. महानगराची थोरवी मोजण्याचे याहून सोपे माप आम्हांस ठाऊक नाही. आपल्या आळीत म्हातारी माणसे निर्धास्त बसू शकतात काय? मुले रस्त्यावर खेळू शकतात काय? त्यांचे आईबाप उजेडी घरी येतात काय? पन्नास वर्षांनी या धर्मग्रामाचा शतकमहोत्सव होईल तेव्हा आपण बहुतेक या अंगणातच मातीआड असू. त्या वेळच्या धर्मगुरूस हे प्रश्न विचारताना आमच्याप्रमाणे मान खाली घालावी लागू नये, एवढे आपण आज करू शकतो.

परमेश्वर आपल्या घरांवर, आपल्या विहिरींवर आणि आपल्या नव्याजुन्या सर्व शेजाऱ्यांवर आपला आशीर्वाद ठेवो. आमेन.